झाकल्या करंड्याचा फोटू

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं म्हणाल, तर एक फोटू बिघडवला. उन्हं कलल्यावर सोप्यात सावलीला मागं पांढरं धोतर टांगलं, हिनं उजवा हात पुढं केला, हातात पितळी करंडा, मी डोक्यावर काळं फडकं घेऊन क्यामेऱ्यात वाकलो आन् म्हटलं, हलू नगंस. ती म्हणाली, अवो, मी कुठं हलतीया, ह्यो हातच हलतोय, त्येला सांगा. लढाईपायी फोटूच्या काचा मिळंनाशा झालत्या, बेळगावच्या फोटोवाल्या मास्तरांनी कशीबशी एक दिलती, ती बी गेली. अंधारात बसून धुतली तर हाताच्या जागी नुसता धुरळा. हिनं निरखून बघितलं आन् म्हणाली, बरं आलंय की, भुताचं कुंकू म्हणून खपवा.

काय सांगू तुम्हाला, आमचा धंदा कुंकवाचा. वडील संकेश्वरच्या बाजारात हळद विकायचे, मी दुसरीतनं शाळा सोडून त्यांच्या पोत्यावर बसलो. लग्न झाल्यावर कुंकू हिनं सुरू केलं. हळदीला लिंबाचा रस आन् टाकणखार लावायचा, ती लाल झाली की सावलीत वाळवायची, कुटायची, फडक्यातनं गाळायची. आमचं कुंकू कपाळाला चरचरत न्हवतं. मग दुसरी लोकं रंगवल्याली माती आमच्यागत पुड्या बांधून विकाया लागली, आन् बाया भांडाया माझ्याकडं. आप्पा, कपाळ सोललं की ओ तुमच्या कुंकवानं. आता बायांना वाचाया येत न्हाय, पुडीवर नाव घालून उपेग काय? चित्र पायजे. मनात घेतलं, सुवाशिणीचा मुखडा छापायचा, कपाळभर कुंकू लावल्याला.

बेळगावात खडेबाजारात ह्यो फोटोवाला मास्तर व्हता, त्येच्या पायाशी बसून शिकलो. जुना क्यामेरा घेतला. उजेड कुठनं घ्यायचा, उन्हात बसवलं की डोळ्याखाली खड्डं का पडत्यात, काच किती येळ उघडी ठेवायची, लई डोकं खाल्लं त्येचं. काचा फोडल्या, काचा नासल्या. शेवटी हिचा एक फोटू झ्याक आला, नाक-डोळं जसंच्या तसं, आन् कपाळावर कोळसा लावल्यागत काळा ठिपका. पुन्यांदा काढला, पुन्यांदा काळा. रंगीत छापाई मुंबैची, ती आपल्याला न्हाय झेपत.

मास्तर हसला. म्हणाला, आप्पा, ही काच तांबड्याला आंधळी असती, तिला तांबडं काळंच दिसतंय. मग करायचं काय? म्हणाला, सोपं हाय, वहिनींचं कुंकू पुसा आन् तिथं पिठात नीळ कालवून लावा, निळं ह्या काचेला फिकं दिसतंय, ठिपका बेतानं उठंल.

घरला येऊन सांगितलं. ही कुटत व्हती, मुसळ हवेतच थांबलं. म्हणाली, नवरा जिता असताना कुंकू पुसू? आन् त्ये बी कुंकू विकाया? मास्तरला म्हणावं, आधी तुझ्या बायकूचं पूस. गल्लीतल्या बायांना इचारलं तर एकीनं केरसुणीच उगारली. लाल विकायचं आन् लाल दावता येत न्हाय, असली कटकट दुश्मनाला बी नगं. लई दिस क्यामेरा माळ्यावर टाकून दिलता.

मग एक दिस हीच म्हणाली, तोंड कशाला पायजे? करंडा हातात धरते, झाकण लावून. आत काय हाय त्ये बाईला सांगावं लागत न्हाय.

काढला. छापला. बाजारात बाया मागाया लागल्या, हाताचं कुंकू द्या. किती वरसं चाललं त्ये. मग छापखान्यातला ठसा झिजला, मूळ काच फुटली, म्हणून पुन्यांदा फोटू, आन् त्येचा असा धुरळा.

त्याच सांजंला हिच्या छातीत कळ आली. वैद्य येस्तवर गेली. बायांनी मळवट भरला, आमच्याच कुंकवानं, आन् जो त्यो मला म्हणतोय, आप्पा, भाग्याची बाई, अहेव गेली. भाग्य! तिचं असंल. माझं कुठलं वो?

दुसऱ्या दिशी सकाळी भाऊ दारात आडवा आला, सुतकात कुठं निघालास? त्येला बाजूला सारलं आन् पयल्या मोटारीनं बेळगावला गेलो, सरळ छापखान्यात. छापखानेवाला म्हणाला, आणली काच? बिघडली म्हटलं, आन् जिचा हात व्हता ती बी गेली. त्यो बिचारा उठून हुबा ऱ्हायला. मग म्हणाला, आप्पा, दुसरी काच मी मिळवतो, कुणाचा बी हात चालंल, हात त्यो हात. म्हटलं, चालायचा न्हाय. चित्र नगं, नुसती अक्षरं छापा. म्हणाला, बायांना वाचाया येत न्हाय, दुसऱ्याची पुडी उचलतील, धंदा बसंल तुमचा. म्हटलं, बसू दे.

मग त्येनं इचारलं, अक्षरं कुठली घालू? हिचं नाव मी चार माणसांत कधी घेतलं न्हवतं, आमच्यात घेत न्हाईत. म्हटलं, घाला, तान्हूबाईचं कुंकू.

त्येनं अक्षरांचं खिळं जुळवून एक कागद काढून दावला. मी एकेक अक्षर लावून वाचलं. बरोबर हाय म्हटलं, छापा.