प्रवासापुरते प्लास्टिक

हापाई बेटांची बोट आमच्या टोंगाच्या राजधानीत, नुकुआलोफाच्या धक्क्याला वेळेवर लागली असती, तर हे बोलणे माझ्या कानावर पडले नसते. रांगेत माझ्यापुढे दोघी काळ्या कपड्यांत, कमरेला सुतकाच्या चटया बांधून उभ्या होत्या. तान्ह्या पोराला घेतलेली सियाले आणि तिला न्यायला हापाईहून आलेली तिच्या सासूची बहीण.

“लंगोट घेतलेस ना?”

“सगळे. वाळलेत या वेळी.”

“मागच्या सोमवारच्या बोटीलाही वाळले असते.”

“शनिवारी पाऊस. रविवारी, प्रभूच्या दिवशी, दोरीवर कसे घालणार, मावशी? शेजारी पाद्री राहतात.”

“ओलेच बांधून आणायचेस. बोटीवर वारा नसतो का?”

“आणि पोराला घालू काय?”

“दुकानातले, प्लास्टिकचे.”

“मामंजींनीच बजावलं होतं. माझ्या घरात प्लास्टिक आणलंस तर पोराला दारात ठेव आणि तू परत जा. म्हणून ती बोट सोडली.”

“आणि गुरुवारी ते गेले. नातवाला न बघता.”

“माहीत आहे, मावशी.”

“त्यांचं बोलणं इतकं मनावर घ्यायचं नाही. आमच्यात कोणी घेत नव्हतं.”

“मी सून आहे. मला घ्यावं लागतं.”

मावशी बोट यायच्या दिशेला बघत राहिली. तिकडे नुसता समुद्र होता.

“शनिवारी आभाळ बघून ते मला म्हणाले, सियालेला फोन कर. म्हणावं, प्रवासापुरतं प्लास्टिक चालेल. पण मी सांगितलं असं सांगू नकोस.”

“मग फोन का नाही केलात?”

“म्हटलं, स्वतःच्या तोंडाने सांगू देत. एकदा तरी.”