पंधरावी खुर्ची

(इंग्लंडातला कॉर्नवॉलचा किनारा. पेनहेल हवेलीतली शिकवणीची खोली. मिस हॅलम, हवेलीच्या विधुर साहेबांच्या लहानग्या किटीच्या शिक्षिका. मिसेस ट्रेगीअर, घरच्या कारभारीण.)

ट्रेगीअर : तो रेशमी झगा उतरवा, मिस. आज खाली बोलावणं नाही, असा साहेबांच्या मातोश्रींचा निरोप आहे.

हॅलम : अहो, टेबलाशी माणसं तेरा आहेत, चौदावी मी, असं सकाळी तुम्हीच सांगून गेलात.

ट्रेगीअर : तेरा होती, म्हणून अपशकुन टाळायला तुम्ही. आता साहेबांच्या मातोश्रींनी ॲडमिरलना बोलावलंय. ठार बहिरे. जेवायला बोलावलंय की लढाईला, त्यांना अजून कळलेलं नाही.

हॅलम : मग माझी गरज नाही. बरंच झालं.

ट्रेगीअर : बरं कसलं! दर गुरुवारी माणसं नेमकी तेराच कशी भरतात, हे मातोश्रींच्या लक्षात आलं. बारा झाली, की साहेब घोडा काढतात आणि पाद्रीबुवांना उचलून आणतात. पाद्रीबुवांना वाटतं, आपलं बोलणं आवडतं!

हॅलम : साहेब माझ्याशी फक्त किटीच्या अभ्यासाबद्दल बोलतात.

ट्रेगीअर : आणि मीठ मागतात. पुढ्यात मीठ असताना.

हॅलम : मिसेस ट्रेगीअर!

ट्रेगीअर : आता पुढचं ऐका. मातोश्रींचा निरोप घेऊन वर येत होते, तर साहेबांनी अडवलं. म्हणाले, पंधरावी खुर्ची मांडा, माझ्या उजव्या हाताला.

हॅलम : ती तर मानाच्या पाहुणीची जागा. आणि पंधराव्या माणसाला निमित्त काय सांगणार?

ट्रेगीअर : मीही तेच विचारलं. म्हणाले, निमित्तं पुष्कळ झाली, आता सरळ बोलावतोय. नाही आल्या, तर नोकरीला धक्का नाही, असंही सांगायला सांगितलंय.

हॅलम : आणि आले तर? तिथे बसल्यावर उद्या परत इथे येऊन फ्रेंच कशी शिकवू? सगळा गाव बघेल. त्यांचं मन फिरलं, तर मला दुसरं घर दारात उभं करणार नाही.

ट्रेगीअर : मन फिरणारा माणूस उन्हाळाभर पाद्रीबुवांना ऐकून घेतो होय?

हॅलम : ...पाठीचे हुक लावून देता?

ट्रेगीअर : देते की. श्वास घ्या. आणि नेहमीसारखं मागच्या, नोकरांच्या जिन्यानं या, पुढे मातोश्री उभ्या आहेत.

हॅलम : नको. पुढच्याच जिन्यानं येते. जरा हळू येईन, त्या पायऱ्यांची सवय नाही.