बारा ओवलेल्या सुया

बायको: नऊ वाजून गेले.

मास्तर: मग?

बायको: मग काही नाही. तीन महिने झाले, नऊच्या ठोक्याला पिशवी उचलून फिरायला बाहेर पडता. आज खुर्चीला चिकटलात, म्हणून विचारलं.

मास्तर: गुडघा दुखतोय.

बायको: कुठला?

मास्तर: हा... डावा.

बायको: काल जिना चढताना उजवा दुखत होता.

मास्तर: माझे गुडघे आहेत, आलटून पालटून दुखतील. तुला काय करायचंय?

बायको: मला काय करायचंय! मी आपल्या रोजच्यासारख्या बारा सुया ओवून ठेवल्यात. फिरायला जाताना सुया लागतात ना तुम्हाला.

मास्तर: बटणं लावायला लागतात. सांगितलंय तुला.

बायको: सांगितलंयत खरं. पण तीन महिने, रोज बारा सुया, आणि घरात तुमचे शर्ट चार. एवढी बटणं लागली असती तर रस्त्याने वाजत गेला असतात.

मास्तर: चहा आहे का?

बायको: आहे. आधी माझी निळी चादर कुठे गेली ते सांगा.

मास्तर: कुठली निळी? ती बारीक रेघांची? मला काय माहीत!

बायको: रेघांचं मी कुठे म्हटलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मास्तर: अगं, जुनी झाली होती ती.

बायको: म्हणजे कापलीत.

मास्तर: मधे विरली होती नुसती. कडेचं कापड असं घट्ट होतं म्हणून सांगू! उभ्या धाग्यात पट्ट्या काढल्या, दोन बोटं रुंद, हातभर लांब. एका चादरीत चाळीस बसवल्या. दुसरा कुणी असता तर तिशीत आटोपला असता.

बायको: चाळीस काय?

मास्तर: ...पट्ट्या.

बायको: बंद म्हणा की सरळ. दवाखान्यातल्या गाऊनचे बंद.

मास्तर: तुला कुणी सांगितलं?

बायको: सिस्टरने. माझ्या मोडलेल्या खुब्याच्या तपासणीला गेले होते ना, दोन महिन्यांपूर्वी, तेव्हा. म्हणाली, "काकू, तुमचे मास्तर आमच्या कपडे धुवायच्या खोलीत खिडकीपाशी बसलेले असतात. कुणी गप्पा मारायला गेलं की खेकसतात. पण वॉर्डातल्या गाऊनना आता बंद आहेत."

मास्तर: दोन महिने तुला ठाऊक आहे आणि तू मूग गिळून बसलीस?

बायको: लपवणं काय तुम्हालाच येतं? अहो, शिवणाचं दुकान बंद केलंत आणि आठ महिने या खुर्चीत बसून समोरची भिंत बघितलीत. मी मुद्दाम भांडी आपटायची, निदान ओरडाल म्हणून. ओरडलातसुद्धा नाहीत. भीती वाटायला लागली होती मला. मग मी पडले, दवाखाना झाला, आणि घरी आल्यावर एक दिवस तुम्ही मला चक्क थाप मारलीत. फिरायला जातो म्हणालात. आयुष्यात कधी फिरायला न गेलेला माणूस! इतकं बरं वाटलं मला. थाप मारायलासुद्धा अंगात जीव लागतो.

मास्तर: सांगणार होतो. पण तू म्हणाली असतीस, घरातल्या पडद्याची शिवण उसवलीय ती दिसत नाही, आणि निघाले गावाचे गाऊन शिवायला.

बायको: म्हणाले असतेच. अजूनही म्हणते. पण खरं कारण ते नाही.

मास्तर: नाही.

बायको: मग?

मास्तर: दवाखान्यात ऑपरेशननंतर तुला तिसऱ्या दिवशी चालवलं, आठवतं?

बायको: न आठवायला काय झालं! दोन्ही हात वॉकरवर, आणि गाऊनला मागे एकसुद्धा बंद नाही.

मास्तर: मी मागून गाऊन धरून चाललो होतो. दोन्ही हातांनी. या टोकापासून त्या टोकापर्यंत, भर वॉर्डातून. सेहेचाळीस वर्षं लोकांच्या अंगावर नीट बसेल असं शिवत आलो मी. आणि माझ्या बायकोच्या पाठीवर दोन हात चिंधी नव्हती बांधायला. लाज तुझी नाही, माझी गेली त्या दिवशी.

बायको: आणि मला वाटत होतं, सून म्हणून आले तेव्हा राहिलेली वरात आता काढताय.

मास्तर: थट्टा करू नकोस.

बायको: थट्टा नाही केली तर रडू येईल, मग चहा कोण टाकेल? हं, सांगा. एवढं सगळं आहे तर आज का बसलात?

मास्तर: झालं माझं. जमत नाही आता.

बायको: सिस्टर काही बोलली?

मास्तर: बोलली असती तर परवडलं असतं. पहिल्या आठवड्यात बोलली होती. एक अगदी काडीसारखा पेशंट होता, त्याच्या अंगावर तंबू दिसत होता गाऊन. मी माप घेऊन बाजू आत घेतल्या. दुसऱ्या दिवशी धुऊन तो आला पलीकडच्या पैलवानाच्या वाट्याला. अर्धा अंगात शिरला आणि तिथेच अडकला. तेव्हा सिस्टर म्हणाली, "मास्तर, इथे माणसं बदलतात, कापड तेच राहतं. तुम्ही फक्त बंद लावा." ते मला पटलं. रागावली, आम्ही दोघंही हसलो, संपलं.

बायको: आणि काल?

मास्तर: काल एका म्हाताऱ्याला गाऊन घालत होते. त्याचा हातच बाहेर येईना. बंद लावताना मी बाहीची कड टाक्यात घेतली होती. अख्खी बाही शिवून टाकलेली. तो बिचारा आत हात शोधत बसला.

बायको: मग?

मास्तर: दुपारी जेवायच्या सुट्टीत बघितलं, तर कोपऱ्यात बसून ती स्वतः उसवत होती. मला कळू नये म्हणून पाठ करून. मी पिशवी उचलली आणि घरी आलो.

बायको: म्हणजे दिसत नाही तुम्हाला.

मास्तर: दिसतं. थोडं धुरकट दिसतं.

बायको: सुई ओवता येत नाही, बाही कुठली ते कळत नाही, आणि काल आमटीत साखर घातलीत ती वेगळीच. डॉक्टरांनी सांगून दोन वर्षं झाली, मोतीबिंदू पिकलाय. वीस मिनिटांचं काम आहे ते, त्याच दिवशी घरी.

मास्तर: आणि बिघडलं तर? हात थरथरला डॉक्टरचा तर? आता निदान बोटांनी चाचपून का होईना चालतं. उद्या पुरता अंधार झाला तर शिंप्याने करायचं काय? पुन्हा ही भिंत? तीसुद्धा दिसायची नाही.

बायको: हे दोन वर्षांत एकदा तरी बोलायचंत. मी आपली समजत होते, नुसते हट्टी आहात.

(दारावर थाप पडते.)

बायको: ये गं, उघडंच आहे.

सिस्टर: मास्तर, हे काय? साडेनऊ झाले. दुपारी ड्युटीवर जायचंय मला, झोपायचं सोडून तुमच्या दारात आलेय.

मास्तर: हिला कुणी बोलावलं?

बायको: मी. रात्री तुम्ही न जेवता झोपलात, तेव्हाच फोन केला.

सिस्टर: हे गाठोडं कुठे ठेवू काकू? अठरा गाऊन आहेत. आणि मास्तर, तुमच्याबद्दल एक गाऱ्हाणं आहे माझं.

मास्तर: माहितेय. बाहीचं. चुकलो मी.

सिस्टर: चुकलात ते चुकलात, पण इतकं घट्ट कुणी शिवतं का? अर्धा तास उसवत होते, जेवण राहिलं माझं. कात्रीचं टोक शिरेना टाक्यात. मग म्हटलं, बंद आपणच लावू. त्यात काय मोठंसं. हा बघा, लावलाय.

मास्तर: आण इकडे. ...हे काय आहे?

सिस्टर: बंद.

मास्तर: हा टाका? पोत्याचं तोंड शिवतात असं! एका हिसक्यात हातात येईल हे.

सिस्टर: आलंच. दोनदा. पेशंट म्हणाला, "हा मास्तरांचा दिसत नाही, मला मास्तरांचा द्या." आता वॉर्डात गाऊन घेताना आधी पाठ तपासून घेतात लोक. तुम्ही लावून ठेवलीत ही सवय, आणि आता घरी बसताय?

मास्तर: अगं, पण मला दिसत नाही. आणखी कुणाची बाही शिवली तर?

सिस्टर: मी बघेन ना तपासून. निदान गुरुवारपर्यंत.

मास्तर: गुरुवारी काय आहे?

सिस्टर: काकू, सांगितलं नाहीत?

बायको: सांगतच होते, तेवढ्यात तू आलीस. गुरुवारी सकाळी तुमच्या डोळ्याची वेळ घेतलीय. आधी एकच डोळा. तो नीट झाला तरच दुसरा. बिघडेल म्हणता ना, मग एक तुमच्याकडे राहील.

मास्तर: दोघी एकाच माळेचे मणी आहात! मला न विचारता?

बायको: तुम्ही चादर कापताना मला विचारलं होतंत?

मास्तर: चादर आणि डोळा एकच का?

सिस्टर: मास्तर, मी असेन तिथे. हात धरून आत नेते, हात धरून बाहेर आणते. आणि डॉक्टरांचा हात थरथरत नाही, मी दहा वर्षं बघतेय. तुमचा आवाज थरथरतोय तेवढा.

मास्तर: ...भीती वाटते.

बायको: वाटू दे. मलापण वाटते. त्या दिवशी वॉर्डातून चालताना वाटत नव्हती का मला? तुम्ही मागे होतात, म्हणून चालले. गुरुवारी मी मागे असेन.

मास्तर: गाऊन घालावा लागेल?

सिस्टर: लागेल.

मास्तर: मग यातला हा एक बाजूला ठेव माझ्यासाठी. याचं कापड बरं आहे. याला आजच नीट बंद लावतो.

सिस्टर: असं बाजूला ठेवता येत नाही हो. सगळे एकत्र धुतले जातात. ज्याच्या वाट्याला जो येईल तो.

मास्तर: म्हणजे यातला कुठलाही येईल?

सिस्टर: कुठलाही.

मास्तर: हं. मग अठराच्या अठरा नीट लावायला हवेत. अगं, खुर्ची जरा खिडकीकडे वळव. आणि सुई दे.

बायको: घ्या. ओवलेलीच आहे.