काड्यांनी माडगं

आगं, मी मेढ्याच्या शाळंत सैपाकाला हुते, मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली. चीनच्या धड्यासाठी गुरुजींनी पोरांना दोन काड्यांनी जेवायला शिकवलं. तपासणीला सायेब येनार, म्हनून मला म्हनले, "मावशी, भात करा. फजिती झाली तर माझी बदली हुईल."

गुरुजींची जरा गंमत करावी म्हनून मी मुद्दाम हुलग्याचं पातळ माडगं केलं.

सायेब काड्या बुडवून दमले. "गुरुजी, हे खायचं कसं?"

गुरुजींना घाम फुटला. मग मीच म्हनले, "सायेब, पातळ असलं की चिनी मानूस काड्या कानावर खोचतो आन् वाटी तोंडाला लावतो."

सायबासकट समदा वर्ग तसाच प्याला.

सायबांनी इचारलं, "मावशी, तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमचं मालक फौजेत हायती, चीनच्या हद्दीवर. त्यांची पत्रं येत्यात की, त्यात लिवलं हुतं. गुरुजीच वाचून दावत्यात."

सायबांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजींनी रिकामी वाटी परत तोंडाला लावली.