पहिलं पाणी

लातूरहून नांदेडला निघालेल्या एस.टी.त माझ्या मागच्या सीटवर ग्यानोबा आणि त्यांची बायको नागुबाई बसले होते. ग्यानोबा आर.ओ. प्लांटचे मिस्त्री.

"काय झालं ओ? घाम कामून फुटला?"

"लातुरात पोरींच्या हॉस्टेलात सकाळी पाणी गाळायचा नवा मेंब्रेन बसवला न्हाई का? खराब होऊ नये म्हणून त्याच्यात औषध भरलेलं असतंय. पहिलं पाणी गटारीत सोडावं लागतंय."

"मग सोडलं न्हाई?"

"सोडलं की. वॉल्व्ह हळूहळू उघडला, हवा निघू दिली. पण टाकीकडचा कॉक बंद केला का न्हाई, तेच आठवंना. उघडा राहिला असंल तर औषधाचं पाणी पिण्याच्या टाकीत गेलं असंल."

"अगं बाई! पोरी क्लासहून आल्या असतील आता."

"म्हणून तर फोन लावून राहिलो. वॉर्डनबाई उचलंनात."

"आपल्या लेकीला, बुद्धप्रियाला लावा. ती तिथंच हाय."

"तिथं पोरींना मोबाइल ठेवू देतेत का? थांब, उचलला. बाई, मी ग्यानोबा. नळ बंद करा, पाणी कुणाला पिऊ देऊ नका... काय?... हाव... हाव."

"काय म्हणल्या?"

"एकीनं घोट घेतला अन् उग्र वास आला म्हणून थुकला. तवापासून नळ अडवून उभी हाय. बाकीच्या पोरी तहानेल्या, भांडून राहिल्या तिच्यासंगं. तरी हलंना."

"कोण पोरगी?"

"आपली."

"मग आता डोळे कामून पुसता?"

"कंडक्टरसाहेब, गाडी थांबवा. आमाला इथंच उतरायचंय, माघारी हॉस्टेलात जाऊन टाकी रिकामी करायचीय."