पास झालेला गुलाब

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे एक जोडपं माझ्या शेजारी येऊन बसलं. बाईंचं नाक चोंदलेलं होतं. नवऱ्याच्या मांडीवर उदबत्तीच्या तीन जुड्या होत्या.

“आजारी मी, आणि ह्या काड्या कशाला?”

“नाक मोकळं झालं की एकेक हुंग.”

“अहो, कारखान्यात वास तपासायची नोकरी तुमची आहे!”

“हळू बोल. आठ महिने झाले, मला कसलाच वास येत नाही.”

“मग इतके दिवस माल पास कोण करत होतं?”

“तू. मी रोज संध्याकाळी तुझ्यासमोर काडी लावून बसायचो. खिडकी उघडलीस की गुलाब. नाकाला रुमाल लावलास की मोगरा.”

“आणि चंदन?”

“चंदनाला तू माहेरी फोन लावायचीस.”

“कर्म माझं! मला वाटलं, माणूस उशिरा का होईना, बायकोच्या तोंडाकडे बघायला लागला.”

“बघतच होतो ना. लग्नातसुद्धा एवढं निरखून बघितलं नव्हतं.”

“नापास कधी केलंत?”

“एकदाच. तू म्हणालीस, ‘छान वास आहे.’ म्हटलं, एवढ्या स्वस्त पुड्यात हा वास म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय.”

“आणि आज?”

“दुपारी मालकांनी समोर हुंगून दाखवायला बोलावलंय. नाही जमलं तर नोकरी गेली. तू नुसती शेजारी बस.”

“पेशंट कोण?” नर्सनं दारातून विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि दोघंही आत गेले.

अकरा वाजता आतून एक सणसणीत शिंक ऐकू आली. कोणाची, ते कळलं नाही.