पट्टेवाल्याचं आजोळ

ऐका. लाकूड पुढं सारा आणि नीट ऐका. तुळशीराम, तू कोतवाल आहेस, गावोगाव नोटिसा पोचवतोस, तू तर कान देऊनच ऐक. ही तुझ्याच जातकुळीच्या माणसाची गोष्ट आहे.

आपल्याकडची नाही हो. नायजेरियातली. आठ वर्षं गणित शिकवलं मी तिथं, इग्बो लोकांच्या मुलखात. शाळेला रात्रीचा राखणदार होता, ओन्येमा नावाचा म्हातारा. ओन्येमा म्हणजे काय? 'कुणाला ठाऊक!' घ्या! भुताची गोष्ट सांगणाऱ्याचं नावच कुणाला ठाऊक! पण गोष्ट त्याच्या सख्ख्या बापाची. बापाचं नाव इबेझिम.

आता जरा मागं चला. पहिलं महायुद्ध पेटलं, त्या सुमाराला. उत्तरेला हौसा लोक, त्यांचे अमीर, म्हणजे सुलतान. पश्चिमेला योरुबा, त्यांचे राजे. आणि ह्या इग्बोंकडं बहुतेक गावांना राजाच नाही! भाऊबंद बसायचे, बोलून बोलून दमायचे आणि मग ठरवायचे. गोऱ्या साहेबाला हे पटेना. राजा नाही म्हणजे काय? त्यानं दिसेल त्याच्या हातात कागद दिला, हा घे, तू राजा. झाला राजा! राजा म्हटलं की कचेरी आली, आणि कचेरी म्हटली की पट्टेवाला आला. इबेझिम तो पट्टेवाला. लाल टोपी, टोपीला पितळी बिल्ला. अहो, काय ऐट त्या टोपीची! झोपताना उशाशी घ्यायचा म्हणे.

तर एके दिवशी हुकूम आला. खाणीतल्या कोळशासाठी रूळ घालायचेत, बारा माणसं वेठीला हवीत, उजाडता हजर करा. कुठल्या गावची? उमुन्दू गावची. आणि उमुन्दू म्हणजे इबेझिमचं आजोळ! त्याची आई न्वाकाएगो त्या गावची लेक. यादीत पहिलं नाव मामाच्या पोराचं. ओझोएमेना. ह्या नावाचा अर्थ 'असं पुन्हा न होवो'. घरातलं माणूस गेलं की असं नाव ठेवतात.

इबेझिमनं कारकुनाला ते नाव दोनदा विचारलं. विचारणारच. पण तो मनाशी म्हणाला, कागद साहेबाचा. हुकूम साहेबाचा. मी नुसता कागद नेणारा.

आणि निघाला अंधार पडल्यावर.

दोन वाटा होत्या. एक लांबची, माणसांची. दुसरी जवळची, पण टाकलेली. त्या वाटेनं पूर्वी माणसं विकायला नेत. गळ्यात साखळी, एकामागे एक, समुद्रापर्यंत. दुरून आणलेली, आणि ह्या गावांतलीही. समुद्राशी गेलेला एकही परत आला नाही. त्या वाटेनं दिवसासुद्धा कुणी जात नसे. इबेझिम गेला. डोक्यावर सरकारची टोपी होती ना!

थोडं चालला, तर पुढं एक म्हातारा. हळूहळू चाललेला.

"कुणाचा रे तू बाळा?"

आता बघा, हा साधा प्रश्न. बापाचं नाव सांगायचं, गाव सांगायचं. हा काय म्हणाला? "मी कोर्टाचा माणूस!"

"बरं बरं," म्हातारा म्हणाला. "घे, कोला खा."

कोला म्हणजे त्यांची सुपारी म्हणा. घरी आलेल्या पाहुण्याला देतात. पण घरी! यजमान आपल्या उंबऱ्याआत बसून फोडतो. वाटेवर कोण देतं? इबेझिमला कळायला हवं होतं. पण त्यानं हात पुढं केला. मूठ मिटली. मूठ गार पडली. उघडून बघतो तर लोखंडाची कडी! साखळीची एक कडी!

टाकायला गेला, तर मूठ पुन्हा मिटली ती उघडेना.

"कागदात काय आहे?" म्हातारा म्हणाला. "वाच की."

आता खरी गोची. इबेझिमला वाचता येत नव्हतं! अक्षर ओळखत नव्हता. कारकुनानं बारा नावं पाठ करून घेतली होती. पण रात्रीच्या वाटेवर, भुतासमोरसुद्धा, गड्याला ते कबूल करवेना. त्यानं कागद उघडला, काळोखात डोळ्यांपुढं धरला आणि ऐटीत म्हणाला, "ओझोएमेना!"

झाडीतून आवाज आला, "ओ."

आपल्याकडं भूत हाक मारतं आणि माणसानं ओ द्यायची नसते. खरं ना? इथं उलटं! हाक माणसाची, आणि ओ देतंय कोण?

"मदुएके!"

"ओ."

त्याला थांबायचं होतं. तोंड थांबेना. "म्बानेफो!" "ओ." "उदेझे!" "ओ." बारा नावं, बारा ओ. शेवटची ओ तर अगदी कानाशी. तीच नावं होती हो. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत तिथंही आहे. ज्यांना नेलं त्यांची नावं पोरांना दिलेली. आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी यादी घेऊन त्यांना हाक मारत होतं.

मग मागं आवाज. छण्. छण्. साखळीचा.

"बारा झाले," म्हातारा म्हणाला. "तेरावी जागा मोकळी आहे."

इबेझिम पळाला! पळतोय, पळतोय, आणि वाट सरेना. मुठीतली कडी जड होतेय. "मी काय केलं? मी नुसता कागद नेणारा!" तो ओरडला.

म्हातारा शेजारून चालत होता. हा जिवाच्या आकांतानं पळतोय आणि तो चालतोय! म्हणाला, "आम्हालाही नेणारेच भेटले. विकणारा काही वाटेवर दिसला नाही."

हे वाक्य ओन्येमा दोनदा म्हणायचा. दर वेळी दोनदा.

तेवढ्यात ओढा दिसला. पलीकडं उमुन्दूची शीव. आता रीत ऐका. त्या मुलखात लेकीच्या पोराला आजोळच्या मातीत कुणी हात लावत नाही. माणूस लावत नाही, भूत लावत नाही. इबेझिम ओरडला, "मी न्वाकाएगोचा लेक! ह्या गावचा भाचा!"

पाय उचलेना.

"भाचा?" म्हातारा म्हणाला. "मामाच्या पोराला न्यायला भाचा येतो होय?"

साखळी मागं आली. गार लोखंड मानेला लागलं. इबेझिमनं कागदाकडं बघितलं. कागद टाकला तर नोकरी गेली, तुरुंग ठरलेला. नाही टाकला तर... नाही टाकला तर तेरावी जागा. पण ओन्येमा म्हणायचा, बापाला त्या घटकेला भूत आठवलंच नाही. आठवला लहानपणी ह्याच ओढ्यात पोहायला शिकवणारा मामा.

त्यानं कागद फाडला. टोपी काढली, ओढ्यात फेकली. आणि पाय उचलला!

पलीकडं पडला तो उताणा. मागं सगळं गप्प.

मामानं दार उघडलं. बोडका, चिखलानं भरलेला भाचा बघितला. घरात बसवलं, दिवा लावला, आणि मगच कोला फोडून त्याच्या हातावर ठेवला. तेव्हा कुठं ती मूठ उघडली. त्यानं बारा नावं सांगितली, आणि उजाडायच्या आत बारा पोरं रानात पांगली. इबेझिमनं सहा महिने तुरुंग भोगला. ती कडी मी ह्या हातात धरलीय. ओन्येमाच्या घरी होती. उन्हाळ्यातसुद्धा गार!

काय रे तुळशीराम? वाचले ना ते बारा, म्हणतोस?

मीही हेच विचारलं होतं. ओन्येमा म्हणाला, "त्या वर्षी वाचले, मास्तर. पुढच्या वर्षी दुसरा पट्टेवाला आला. त्याचं आजोळ दुसऱ्या गावात होतं. ओझोएमेना रुळांवर गेला, तो आलाच नाही."

म्हणून सांगतो, टाकलेल्या वाटेनं रात्रीचं जाऊ नका. हातात दुसऱ्याच्या नावाचा कागद असेल तर दिवसाही जाऊ नका. उठा आता. आणि तुळशीराम, उद्या नोटिसा घेऊन निघालास की त्या गावात तुझं कुणी नाही असं समजू नकोस.